जंजिऱ्याच्या शिड्या

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही सहकुटुंब मुरूडास गेलों होतों. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडींत बसलें, कीं थोड्याच वेळांत जंजिऱ्याचे काळे बुरूज पाण्यांतून वर उठल्यासारखे दिसूं लागतात. परंतु अगदीं जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा कोठें आहे याचा थांग लागत नाहीं. वाऱ्याच्या बेतानें होडी वळणें घेत होती, आणि होडीवाला आपल्या नित्याच्या परिपाठाप्रमाणें लाय पाटलाची गोष्ट सांगत होता.

ती गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पेशव्यांनीं जंजिऱ्यावर मोहीम केली, तेव्हां सोनकोळ्यांचा नाईक लाय पाटील यानें रात्रीच्या अंधारांत किल्ल्याच्या तटास शिड्या लावून देण्याचें पत्करलें. त्याप्रमाणें तो आपल्या सोबत्यांसह, प्राण मुठींत धरून, सिद्द्याच्या पहाऱ्याखालीं गेला व शिड्या लावून वाट पाहत बसला. पण ज्यांनीं त्यांवरून चढावयाचें, तीं माणसें आलींच नाहींत. पूर्वेस उजळूं लागलें तेव्हां त्या बिचाऱ्यास शिड्या काढून परतावें लागलें. महाराजांनीं पुढें त्यास पालखीचा मान देऊं केला, परंतु दर्यावर वावरणाऱ्यानें पालखी घेऊन काय करावें, म्हणून त्यानें तो विनयानें नाकारला. तेव्हां ‘पालखी’ याच नांवाचें गलबत त्यास मिळालें, असें सांगतात.

गोष्ट संपली. होडींतील मंडळींनीं हळहळ व्यक्त केली आणि सर्वजण छायाचित्रें घेण्याच्या उद्योगास लागले. आमची पुतणी मात्र स्वस्थ बसली होती. ती पुण्यास राहून जपानी भाषा शिकते. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “काका, शिड्या लागल्या होत्या, तर लोक गेले कां नाहींत? आणि आपल्याला त्या रात्रीं परत जाऊन मोरोपंतांना सांगतां आलें असतें, तर?”

आम्ही तीस वर्षें इतिहास शिकवीत आलों आहों. असल्या प्रश्नास आमचें ठरलेलें उत्तर असे : इतिहासांत ‘तर’ या शब्दास स्थान नाहीं. तें उत्तर ओठांवर आलेंही होतें. परंतु समोर तो अजिंक्य तट उभा असतां तें उच्चारण्याचा धीर झाला नाहीं, कारण हाच प्रश्न त्या क्षणीं आमच्याही मनांत होता.

मुक्कामीं परतल्यावर या प्रश्नाचें मूळ कळलें. गेलें वर्षभर ती एक जपानी खेळ खेळत असलेली आम्ही पाहत होतों, व व्यर्थ कालक्षेप म्हणून दोन कठोर शब्दही बोललों होतों. त्या रात्रीं आम्हीं तिच्याकडून तो समजून घेतला. खेळाचें नांव ‘हारुका नारू तोकि नो नाका दे’. म्हणजे ‘दूरच्या काळामध्यें’. कोएई नामक जपानी कंपनींत स्त्रियांसाठीं खेळ निर्माण करण्याकरितां ‘रूबी पार्टी’ हें मंडळ स्थापन झालें. त्यानें १९९४ सालीं ‘आंजेलिक’ हा प्रणयप्रधान खेळ काढला, व २००० सालीं या नव्या मालिकेस आरंभ केला. आमच्या पुतणीच्या हातीं होता तो मालिकेंतील तिसरा भाग, २००४ चा.

त्याचें कथानक असें. आजच्या काळांतील एक शाळकरी मुलगी, नोझोमि, एकाएकीं जुन्या क्योतोसारख्या एका अद्भुत नगरींत जाऊन पडते. तेथें मिनामोतो आणि ताइरा या दोन घराण्यांचें युद्ध पेटलेलें आहे. खऱ्या इतिहासांत हें युद्ध ११८० पासून ११८५ पर्यंत चाललें. योशित्सुने, बेंकेइ वगैरे इतिहासांतील व्यक्ती येथें तिचे सोबती होतात आणि त्यांच्यापैकीं कोणावर जीव जडवावयाचा हें खेळणारी ठरविते. पुढें शत्रूचा घाला येतो, नगर जळूं लागतें, सोबती त्या आगींत मागें राहतात, आणि नायिका एकटी आपल्या काळांत परत फेकली जाते. सामान्य कथा येथेंच शोकांत संपली असती. परंतु नोझोमीपाशीं श्वेत नागाचें एक खवलें असतें. त्याच्या योगें ती पुन्हां मागील काळांत जाते, व जें घडलें तें घडूं नये म्हणून झटते. एक चूक सुधारावी तों दुसरी उघडकीस येते. एकास वाचवावें तों दुसरा जातो. म्हणून पुन्हां मागें जाणें, पुन्हां पाहणें, पुन्हां निवडणें, असें हें चक्र आहे.

हें ऐकून आम्हांस प्रथम हसूं आलें. मग तें ओसरलें. कारण ज्या युद्धावर हा खेळ रचिला आहे, त्याचा शेवट जपानी मनास आठशें वर्षें सलत आला आहे. ११८५ मध्यें दान्नोउरा येथील सामुद्रधुनींत अखेरची लढाई झाली. आरंभीं भरतीचा प्रवाह ताइरांस अनुकूल होता. तो फिरला आणि त्यांचें दैवही फिरलें, असें सांगतात. आन्तोकु नांवाचा बालसम्राट अवघा सहा-सात वर्षांचा. त्याच्या आजीनें त्यास उराशीं धरून समुद्रांत उडी घेतली. त्या किनाऱ्यावरचे कोळी आजही एका जातीच्या खेकड्याच्या पाठीवर बुडालेल्या वीरांचे क्रुद्ध चेहरे पाहतात. आमच्या शाहिरांनीं डफावर पोवाडे म्हटले. तिकडे अंध भिक्षूंनीं बिवा नामक तंतुवाद्यावर ताइरांची कथा गांवोगांव गायिली. जें हरलें, जें बुडालें, त्याचेंच गाणें अधिक होतें, हा अनुभव आम्हां मराठी माणसांस कांहीं परका नाहीं.

आणि मागील काळांत शिरण्याची हौस तरी आम्हांस परकी कोठें आहे? गुंजीकरांचें ‘मोचनगड’ १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघालें. त्यापूर्वीं तें ‘विविधज्ञानविस्तारां’त क्रमशः येत होतें. मराठींतील ती पहिली ऐतिहासिक कादंबरी. शिवकालांतील किल्ला, पण तो कल्पनेंतला. त्यांतील माणसें व त्यांचा प्रणय हाही कल्पनेंतला. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं व नाथमाधवांनीं हाच मार्ग रुंद केला, आणि १९६२ मध्यें ‘स्वामी’ प्रसिद्ध झाल्यावर थोरल्या माधवराव पेशव्यांच्या राज्यकारभाराइतकेंच रमाबाईंचें नांव घरोघरीं झालें. इतिहासाच्या कठीण कवचांत प्रेमाचा ओलावा शोधणें हें वाचकाचें जुनें व्यसन आहे. जयंत नारळीकरांनीं तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेंत इतिहासाच्या एका प्राध्यापकासच अशा जगांत नेऊन सोडलें, कीं जेथें १७६१ त विश्वासरावांस गोळी लागलीच नाहीं व पानिपत मराठ्यांनीं जिंकलें. मात्र नोझोमि व गंगाधरपंत यांत मोठा भेद आहे. गंगाधरपंत बदललेला इतिहास पाहून येतात. नोझोमि तो बदलण्यासाठीं जाते. एकाच्या ठिकाणीं जिज्ञासा आहे, दुसरीच्या ठिकाणीं माया आहे.

तेव्हां आम्हीं पुतणीस म्हटलें, “बरें तर, तें खवलें तुझ्या हातीं आहे असें समज. तूं कोणत्या रात्रीं परत जाशील?” ती तत्काळ म्हणाली, “शिड्यांच्या.” मग आम्हीं कागद पुढें ओढला व जंजिऱ्याचा हिशेब मांडूं लागलों.

शिड्यांच्या रात्रीपूर्वीं पांच-सहा वर्षें, १६७० च्या सुमारास, किल्ल्याचा सिद्दी फत्तेखान महाराजांच्या माऱ्यानें इतका जेरीस आला होता, कीं त्यानें किल्ला देऊन टाकण्याचा विचार केला होता. परंतु त्याच्याच तिघां हबशी सहकाऱ्यांनीं त्यास कैद केलें. संबूल, कासीम व खैर्यत हे ते तिघे. त्यांनीं मोगलांचा आश्रय पत्करला, व त्याबरोबर मोगलांचा पैसा आणि आरमारी मदतही मिळविली. १६७१ त होळीच्या सणाची संधि साधून त्यांनीं दंडाराजपुरी परत घेतली. त्या धुमाळींत दारूचें कोठार उडालें, त्याचा आवाज दूर रायगडावर महाराजांच्या झोपेंत शिरला व राजपुरीवर कांहीं अरिष्ट आलें असें ते उठून म्हणाले, असें खाफीखान लिहितो. पुढें जंजिऱ्याच्या वायव्येस पद्मदुर्ग बांधावयास घेतला, तर त्यास वेळेवर रसद पोंचेना. १६७५ तील महाराजांचें प्रभावळीच्या सुभेदारास लिहिलेलें संतप्त पत्र प्रसिद्धच आहे. तिकडे मुंबईचे इंग्रज सिद्द्याच्या गलबतांस पावसाळ्यांत आपल्या बंदरांत थारा देत होते. आतां यांतील कोणती गांठ सोडावयाची? शिड्यांवरून दोनशें माणसें चढलीं असतीं, तरी सुरतेचा पैसा थांबला असता काय? मुंबईचें बंदर बंद झालें असतें काय?

पुतणी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे एका रात्रीनें भागणार नाहीं. खेळांतही असेंच होतें. शेवट बदलावयाचा तर फार मागें जावें लागतें.”

हें वाक्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं. कार्यकारणांची सांखळी शिकवितांना आम्हीं वर्गांत फळे भरून टाकले आहेत. पण ‘फार मागें जावें लागतें’ हें सूत्र इतक्या थोडक्या शब्दांत आम्हांस कधीं मांडतां आलें नाहीं. जो भूतकाळ बदलूं पाहतो, त्यास तो आधीं समजून घ्यावाच लागतो. आणि समजून घेतां घेतां बदलण्याचा हट्ट आपोआप विरून जातो. असें होत असेल, तर त्या खेळास कालक्षेप म्हणण्याचा आम्हांस काय अधिकार?

येथवर आम्ही गुरु होतों. पुढें शिष्य झालों. बोलण्याच्या ओघांत आम्हीं तिला कोंडाजी फर्जंदाची हकीकत सांगितली. १६७३ त साठ माणसांनिशीं पन्हाळा घेणारा हा वीर, संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभीं, फितूर झाल्याचें सोंग घेऊन जंजिऱ्यांत शिरला. दारूचें कोठार उडवून द्यावयाचें, हा बेत. परंतु किल्ल्यांतील एका दासीकडून तो फुटला व कोंडाजी मारला गेला, असा वृत्तांत आहे. नंतर संभाजी महाराजांनीं खाडींत दगड टाकून किल्ल्यापर्यंत सेतु बांधावयास घेतला. पण मोगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें तोही अर्धाच राहिला. आम्ही हें सर्व कोंडाजीच्या बाजूनें, जड मनानें सांगत होतों. पुतणीनें विचारलें, “त्या दासीचें नांव काय?”

नांव नाहीं. वृत्तांतांत ती केवळ ‘दासी’ आहे. आम्हीं ही हकीकत कितीदां तरी सांगितली असेल, पण तिला नांव असेल हें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें. कोठार उडालें असतें तर किल्ल्यांतील बायकामुलें उडालीं असतीं. तीही उडाली असती. ज्या घराचें अन्न खाल्लें त्या घराशीं ती एकनिष्ठ राहिली, कीं केवळ भयानें बोलली? आमच्या लेखीं ती कट फोडणारी. तटाच्या आंत कदाचित् तीच सर्वांची तारणहार ठरली असेल. त्या जपानी खेळांत मिनामोतोंच्या बाजूनें लढणारी नायिका ताइरांच्या शिबिरांतील माणसांसही ओळखूं लागते, त्यांतील एखाद्यावर तिचें मन बसूंही शकतें. प्रणयकथेचा हा गुण आम्हीं आजवर दोष समजत होतों. ती शत्रूस चेहरा देते. जंजिरा आम्हीं सदैव राजपुरीच्या किनाऱ्यावरून पाहिला. आफ्रिकेंतून येऊन या खडकावर तीन शतकें पाय रोवून राहिलेल्या माणसांच्या डोळ्यांनीं किनारा कसा दिसत असेल, हा विचार आम्हांस शिवला नव्हता.

याचा अर्थ इतिहास व खेळ एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. खेळांत शेवट गोड करण्याची सोय आहे. इतिहासांत ती नाहीं, आणि नाहीं म्हणूनच त्यांतील माणसांस मोठेपणा आहे. लाय पाटलास पुन्हां रात्र मिळणार नव्हती. तरी तो गेला. मागाहून जिंकण्याची हांव धरून जे कागदपत्रांत फेरफार करितात, बखरींतील कल्पितास पुरावा म्हणतात, त्यांच्या हातीं तें खवलें न पडेल तर बरें! त्यांना भूतकाळ नको असतो. केवळ जय हवा असतो. नोझोमि परत जाते ती जयासाठीं नव्हे, माणसांसाठीं. हा भेद जो ओळखील त्यास अद्भुतापासून भय नाहीं.

जंजिरा अखेरपर्यंत कोणासही बळानें घेतां आला नाहीं. १९४८ सालीं तें संस्थान भारतांत विलीन झालें. त्यास शिड्या लागल्या नाहींत, कीं कोठार उडवावें लागलें नाहीं. ज्या जिल्ह्यांत तो किल्ला मोडतो, त्या कुलाब्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें. इतिहासास कधीं कधीं असा विनोदही सुचतो.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही पुन्हां धक्क्यावर गेलों. ओहोटी लागली होती, आणि ज्या वेळीं लाय पाटील शिड्या उतरवून परतला असेल तीच ती वेळ होती. पुतणी किल्ल्याकडे पाहत उभी होती. ती काय पाहत होती हें आम्हीं विचारलें नाहीं. मात्र पुण्यास परततांच तिनें आमच्या कपाटांतून सिद्द्यांवरचें एक जाड पुस्तक उचलून नेलें आहे, आणि खेळाविषयीं आम्ही आतां कांहीं बोलत नाहीं.