विज्ञानाची वर्गणी

गणपतीला वर्गणी द्यायची, शाळेच्या इमारतीला देणगी द्यायची, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण ज्यातून दहा वर्षांनी काय निघेल हे संशोधकालाही सांगता येत नाही, अशा कामाला पैसे कोण देणार?

भारतात तेही वर्गणीनेच सुरू झाले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी कलकत्त्यात लोकांकडून पैसा जमवला आणि १८७६ साली संशोधनसंस्था काढली. अर्थखात्यातली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात तिथे प्रयोग करू लागलेल्या सी. व्ही. रामन यांना १९२८ साली त्यांचा प्रसिद्ध परिणाम तिथेच सापडला. तेव्हा डॉ. सरकारांना जाऊन २४ वर्षे झाली होती.

पुढचा टप्पा एका पत्राचा. १२ मार्च १९४४ रोजी भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिले, की दोनेक दशकांत अणूपासून वीज निघू लागेल, तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत. हिरोशिमा व्हायला अजून सतरा महिने होते! ट्रस्टने होकार दिला, मुंबई सरकारने वाटा उचलला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. मुंबईतले पहिले बिऱ्हाड पेडर रोडवरच्या बंगल्यात. हळूहळू खर्चाचा मुख्य भार केंद्र सरकारकडे गेला.

भाभांची खरी हुशारी पैसा मिळवण्यापेक्षा तो खर्च करण्यात होती. आधी माणूस हेरायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभारायचा. परदेशात असलेले रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांना त्यांनी असेच बोलावले. स्वरूप १९६३ मध्ये परतले. त्यांनी उभारलेली उटीच्या डोंगरउतारावरची ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. तोवर भाभा हयात नव्हते. नारायणगावजवळ खोडदला त्यांच्याच पुढच्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहायला नव्वदचे दशक उजाडले. आज तीन वर्षांचा प्रकल्प आणि दरवर्षी पैसा ठरल्या कामीच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, या चौकटीत हे काम पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

२०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे. म्हणजे पुन्हा वर्गणीच. फक्त पावतीवर मुदत पाच वर्षांची आहे, आणि स्वरूप परतल्यापासून खोडदची दुर्बीण उभी राहीपर्यंत तीस वर्षे लागली होती.