खो-खोचे मैदान आणि प्रियंका इंगळे

दिनांक १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेचे अंतिम सामने झाले. महिलांच्या सामन्यात भारताने नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही पुण्यात वाढलेली, विशीतली मराठी मुलगी. पुरुष संघानेही त्याच दिवशी नेपाळलाच ५४-३६ असे नमविले; त्याचे नेतृत्व पुण्याच्याच प्रतीक वाईकर याच्याकडे होते. रायपूरच्या मराठी शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात या विजयाची नोंद कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी काळात शंभर वर्षे मागे आणि नकाशावर अमरावतीपर्यंत जावे लागते.

खो-खोचे नियम प्रथम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधले, असे सामान्यतः मानले जाते. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी त्या संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, जी पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर नावारूपाला आली. अमरावती आणि रायपूर त्या काळी एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होती. दोघांची राजधानी नागपूर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा संसार विभागला. तोपर्यंत अमरावतीच्या आखाड्याची कीर्ती रायपूरकरांच्या दृष्टीने आपल्याच प्रांताची कीर्ती होती. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने याच मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. गल्लीतल्या खेळाला आखीव रेषा, पंच आणि घड्याळ मिळाले ते अशा व्यायामशिक्षकांमुळे. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

पुढची वाटचाल संथ होती. १९५९-६० साली विजयवाड्यात पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि लवकरच कोल्हापुरात महिलांची. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत खो-खो केवळ प्रदर्शनापुरता होता. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्याला पदकाचा मान मिळाला तो २०१६ मध्ये, गुवाहाटी येथे. तेथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार होती धाराशिवची सारिका काळे. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रियंकाच्या विजयाकडे या मालिकेतच पाहिले पाहिजे. वृत्तपत्रांनी तिला एकाएकी उगवलेला तारा ठरविले असले, तरी बालपणापासून मैदानावर असलेली ही मुलगी कितीतरी राष्ट्रीय स्पर्धा खेळून, २०२३ च्या तामुलपूर येथील आशियाई स्पर्धेतले सुवर्ण मिळवून मगच दिल्लीला पोहोचली होती.

या खेळातले नेतृत्व बाहेरून फारसे दिसत नाही. पाठलाग करणाऱ्या खेळाडूला उलट फिरण्याची वा मधली रेषा ओलांडण्याची मुभा नसते. समोरचा गडी हातभर अंतरावर निसटला तरी बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणावे लागते आणि आपण त्याच्या जागी बसावे लागते. नव्या वेगवान प्रकारात ‘वझीर’ या खेळाडूला दिशेची मोकळीक दिली आहे खरी (जुन्या जाणत्यांना ती अजून पुरती रुचलेली नाही), पण त्यालाही सात मिनिटांची पाळी एकट्याने धावून काढता येत नाही. बास्केटबॉलमध्ये एखादा कुशल खेळाडू चेंडू घेऊन थेट बास्केटपर्यंत मुसंडी मारू शकतो. खो-खोत, केव्हा थांबावे हे ज्याला कळते, तोच खरा पटाईत.

अंतिम सामन्याचे आकडे हेच सांगतात. पहिल्या पाळीत भारतीय मुलींनी ३४ गुण मिळविले, नेपाळच्या खात्यात शून्य. दुसऱ्या पाळीत नेपाळने जोर केला आणि फलक ३५-२४ वर आला. येथे सामना हातचा जाऊ शकला असता. तिसऱ्या पाळीत मात्र एकामागून एक अचूक खो मिळत गेले आणि गुणसंख्या ७३-२४ झाली. चौथ्या पाळीत चैत्राच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ हुलकावण्या देत नेपाळच्या उरल्यासुरल्या आशा संपविल्या. त्यापूर्वीच्या सामन्यांत दक्षिण कोरियाविरुद्ध १७५-१८ असे एकतर्फी निकालही लागले होते. पण या संघाची खरी परीक्षा अंतिम फेरीतली ती तिसरी पाळी होती.

छत्तीसगढच्या मातीलाही हा खेळ परका नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘छत्तीसगढिया ओलिम्पिक’मध्ये गिल्ली-दांडा, पिठ्ठूल, लंगडी यांच्यासोबत खो-खोला स्थान मिळाले. फुगडीही त्यात होती. आपल्या आज्या जिला मंगळागौरीची म्हणत, तीच येथील मुली त्याच नावाने खेळतात, हे अनेक मराठी घरांना ठाऊक नसते. दुसरीकडे शेजारच्या भिलाईत राजेश पटेल यांच्यासारख्या प्रशिक्षकाने मुलींचे बास्केटबॉल संघ देशपातळीवर नेले, त्यामुळे या भागातल्या शाळांना बास्केटबॉलची ओढ असणेही स्वाभाविक आहे.

अडचण येते ती मैदानाची. शाळांच्या आवारात आज वाहनतळ वाढत आहेत आणि उरलेल्या जागेवर सिमेंट घालण्याचा आग्रह पालकांकडूनच होतो. धूळ नको, चिखल नको. सिमेंटवर बास्केटबॉल उत्तम खेळता येतो. परंतु खांबाजवळ निसटणाऱ्या गड्यावर सूर मारणाऱ्या मुलीला माती लागते, आणि मॅट अंथरण्याचा खर्च लहान शाळेला पेलणारा नाही. तेव्हा मैदानाचा एक तुकडा मातीचाच राखावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी फार जागाही लागत नाही. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. खो-खोचे पारंपरिक मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद.