तिकिटावरची तीन अक्षरं

जुन्या पाकिटावर दाढीवाल्या राजाचं तिकीट दिसलं की आपण म्हणतो, इंग्रजाच्या वेळचं आहे. तो राजा पाचवा जॉर्ज. त्याची तिकिटं ढिगानं निघाली, त्यात नवल काही नाही. पण त्या चित्रावर काळ्या शाईत ‘आय. ई. एफ.’ अशी तीन इंग्रजी अक्षरं वेगळी छापलेली असली, तर नीट बघावं. ते तिकीट लढाईवर गेलेल्या हिंदी फौजेसाठी होतं. इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परमुलखात धाडलेली फौज.

1914 साली पहिलं महायुद्ध लागलं आणि ही तिकिटं निघाली. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इराक, इजिप्त, जिथं आपली माणसं गेली तिथं ती गेली. माणसं म्हणजे नुसते बंदूकवाले नव्हेत. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, डोली उचलणारे, भाकऱ्या थापणारेसुद्धा होते.

त्या काळी मोखाडा इंग्रजी मुलखात आणि जव्हार मुकणे राजांच्या संस्थानात. हद्द वेगळी, पण दोन्हीकडं वाचता येणारा माणूस विरळा. पत्र आलंच तर मास्तरकडं नाहीतर पोस्टमनकडं वाचून घ्यायचं आणि पेटीत ठेवून द्यायचं.

माझ्या ओळखीच्या एका घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असं एक पाकीट निघालं. आतलं पत्र वाळवीनं खाल्लेलं. त्या घरात एवढंच ठाऊक होतं, की आज्याचा चुलता लढाईत गेला आणि परत आला नाही. कुठं गेला, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. नातू तिकीट पाण्यात भिजवून सोडवायला निघाला होता. मी म्हटलं, “थांब रे बाबा, तिकिटापेक्षा शिक्का मोठा आहे.”

लष्करी टपालाच्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं. फौज कुठं आहे हे शत्रूला कळू नये, म्हणून कचेरीचा नुसता नंबर आणि तारीख. कोणता नंबर कोणत्या साली कुठं होता, याच्या याद्या जाणकारांनी केल्या आहेत. त्या शिक्क्यात 1916 साल होतं. नंबर विचारला तर इराक निघालं.

त्याच साली इराकात कुट नावाच्या गावी इंग्रजांची फौज जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकली होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी त्यात होत्या. अन्न संपलं, घोडी-खेचरं कापून खायची पाळी आली. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 माणसांनी हत्यारं खाली ठेवली. कैदेत पुष्कळजण मेले. या घरचा माणूस त्या वेढ्यात होता असं मी म्हणत नाही. पण तो कोणत्या मुलखात होता, हे घराला शंभर वर्षांनी कळलं. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या महायुद्धातली आझाद हिंदची तिकिटं याच्या उलट. 1943 साली ती बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. त्यांत नांगर धरलेला शेतकरी आहे, सूत कातणारी बाई आहे, तुटलेल्या साखळ्या आणि हिंदुस्थानचा नकाशा आहे. शेतकरी म्हणून मला नांगरवालं तिकीट फार आवडतं. पण ती टपालात कधी चाललीच नाहीत. तेव्हा आझाद हिंदचं तिकीट लावून टपालानं आलेलं पाकीट म्हणून कुणी विकायला आला, तर पैसे काढू नका. आय. ई. एफ.ची अक्षरंही साध्या तिकिटावर खोटी छापता येतात. म्हणूनच पाकीट, शिक्का आणि तारीख यांचा मेळ बसतो का ते बघायचं.

सुट्या तिकिटाला चार पैसे येतील न येतील. पण पाकिटावरून सोडवलं की अर्धा शिक्का त्याच्याबरोबर जातो आणि माणसाचा माग तुटतो. आपल्या वाडवडलांनी स्वतःच्या हातानं फार काही लिहून ठेवलं नाही. घरात अशी पेटी असेल तर पाकीट आहे तसं कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा आणि घरातल्या जाणत्या माणसाला आजच विचारा, हा कुणाचा कोण.