बिरसबा: नांगरलेली ‘मृत’ जमीन

नेगेव्ह वाळवंटाच्या उत्तर कडेवरचे बिरसबा हे गाव ऑटोमन सरकारने १९०० मध्ये मुद्दाम वसवले. तराबीन, तियाहा, अझाझमा या बेदुइन टोळ्यांवर नजर ठेवता यावी आणि कर गोळा व्हावा, एवढाच त्यामागचा हेतू. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी ते ब्रिटिशांच्या हाती पडले. पुढे पॅलेस्टाइनच्या सुमारे निम्म्या भूभागाचा कारभार याच ठाण्यातून चालला.

बेदुइन म्हटले की उंट आणि तंबूच डोळ्यांसमोर येतात. इथले बेदुइन मात्र पाऊस पडला की जव पेरत. पहिल्या महायुद्धापूर्वी हे जव गाझाच्या किनाऱ्यावरून जहाजाने ब्रिटनमधील मद्यभट्ट्यांपर्यंत जाई! कोणते रान कोणाचे, हे शेजारपाजारच्या टोळ्यांना ठाऊक असे. खरेदी-विक्री साक्षीदारांसमोर होई. सरकारी दप्तरात मात्र त्याची नोंद नसे. नोंद झाली की कर आणि सैन्यभरती मागोमाग येणार, ही भीती ऑटोमन काळापासूनची.

१८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यात ‘मवात’, म्हणजे मृत, असा एक वर्ग होता. वस्तीच्या टोकावरून मारलेली मोठी हाकही जिथे ऐकू जात नाही, अशी कोणाच्याही ताब्यात नसलेली जमीन. तंबूंच्या मुलखात वस्तीचे टोक कुठले धरायचे?

फेब्रुवारी १९२१ मध्ये ब्रिटिशांनी फर्मान काढले: मवात जमीन कसणाऱ्यांनी दोन महिन्यांत नोंदणी करावी. ती मुदत चालू असतानाच, मार्चमध्ये, वसाहतमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी बिरसबाच्या शेखांना आश्वासन दिले की त्यांच्या खास हक्कांना व रूढींना धक्का लागणार नाही. शेखांनी शब्दावर भरवसा ठेवला. नोंदणी जवळपास कोणीच केली नाही.

रूढींपुरता तो शब्द बऱ्याच अंशी पाळलाही गेला. शेखांची न्यायालये चालू राहिली. १९२९ ते १९३९ या काळात तिथे अधिकारी असलेले जेरुसलेमचे आरिफ अल-आरिफ यांनी तर बेदुइन न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहिला. प्रशासन जमिनीवरचा कर घेत राहिले, पण १९२८ नंतरची मालकी-निश्चितीची मोहीम या जिल्ह्याच्या बहुतांश भागात पोहोचलीच नाही. उलट १९४२ च्या कायद्याने टोळ्यांच्या हालचालींवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले.

१९४८ च्या युद्धानंतर नेगेव्हमध्ये जेमतेम अकरा हजार बेदुइन उरले. १९८४ मध्ये अल-हवाशला कुटुंबाचा जमिनीवरचा दावा इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. आधार होता तोच: १८५८ ची हाक आणि १९२१ चे दोन महिने.