घुमारा

आमच्या गावात मोठा आवाज पहिल्यांदा आला तो भोंग्यातून. लग्नघर असलं की आदल्या दिवशीच लिंबावर भोंगा चढायचा. भोकरदनहून मशीनवाला यायचा, सोबत पेटीत रेकॉर्डी आणि एक जड बॅटरी. तो आवाज शेजारच्या शिवारापर्यंत जायचा, तरी आजा नाक मुरडायचा. आजा भजनात पखवाज वाजवायचा. म्हणायचा, "थाप येती, पण घुमारा कुडंय?"

त्याचं खरं होतं. भोंगा मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज लांब फेकतो, खालची पट्टी त्याच्या घशातून उतरतच नाही. धुमेला कणीक लावून आजा जो खर्ज काढायचा, तो भोंग्यात कधी आलाच नाही. तो गावात यायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली, आणि आला तो जीपमधून.

शहरातल्या माणसाला याचं नवल वाटेल. त्याचा आवाज भिंतीतल्या सॉकेटावर चालतो. आमचा चालला तो बारा व्होल्टवर. १९८७ साली टीव्हीवर रामायण सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी लाइट नसली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचे. देव दिसायचे, पण सोमवारी ट्रॅक्टर धक्का मारल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. मग रामायण बघितलेली सगळी पोरं ट्रॅक्टरमागे.

अण्णांनी काळी-पिवळी ट्रॅक्स घेतली. भोकरदन-जालना फेऱ्या. त्या काळात ग्रामीण भागात बारा-बारा तास लोडशेडिंग होतं. घरातला टेप मुका, पण रस्त्यावरच्या जीपा गात होत्या. आधी प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांच्या कॅसेटी, मग पेनड्राइव्ह. अण्णांनी मागच्या सीटखाली बारा इंची वूफर आणि ॲम्प्लिफायर बसवून घेतला, तेव्हा मायनं दोन दिवस अबोला धरला होता. पैसे सोयाबीनचे होते. पण पॅसेंजर पुढची गाडी सोडून अण्णांच्या गाडीला थांबायचे. आजा एकदा जालन्याला दवाखान्यात जाताना मागं बसला. हात सीटवर ठेवून म्हणाला, "हाव, आता धुम बोलती."

२०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्यानं कसा काढला, हे ज्याच्या मोसंबीच्या बागा जळाल्या त्याला विचारा. आम्ही टँकरनं झाडं जगवली, तेही अर्धीच. टँकरचं देणं फेडायला उन्हाळ्यात ट्रॅक्स विकली. घेणारा वूफरचे वेगळे पैसे द्यायला तयार नव्हता. अण्णांनी काही न बोलता पाने घेतले, वूफर आणि ॲम्प्लिफायर काढला आणि कडब्याच्या खोलीत पोत्याखाली ठेवला. वर्षभर त्याचं नाव कोणी काढलं नाही.

काढलं ते मी. घरात डीव्हीडी प्लेअर होता, त्याच्या मागं सहा भोकं होती. पाच आवाजांची आणि सहावं नुसत्या खर्जाचं. पाच पॉइंट एक म्हणतात त्यातला 'एक' तो हाच. १२० हर्ट्झच्या खालचे धमाके, ढग, घोड्यांच्या टापा सिनेमावाले या वेगळ्या वाटेनं पाठवतात. आमचं ते सहावं भोक रिकामंच होतं. बाजारातला तयार वूफर परवडणारा नव्हता, आणि पोत्याखाली बारा इंची पडून होता.

जोडला, तर पार निराशा. जीपमध्ये छाती हलवणारा वूफर घरात पिपाणीसारखा. जालन्याला एका मेकॅनिकनं उलगडा केला. तीस हर्ट्झच्या आवाजाची लाट अकरा मीटरच्या वर लांब असते. बंद गाडी तिच्यापुढे एवढीशी, म्हणून गाडीतली हवाच सगळी दाबली-सोडली जाते आणि खर्ज आपोआप चढतो. खोलीत, त्यात आमच्या फटीफटीच्या पत्र्याच्या खोलीत, ती फुकटची मदत नाही. म्हणून गाडीचं चिंचोळं खोकं घरात चालत नाही. नवं, मोठं करावं लागतं.

आतल्या वायरिंगचीही चूक निघाली. वूफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल होत्या. गाडीत त्या समांतर जोडलेल्या, म्हणजे दोनच ओहम. ॲम्प्लिफायर तापायचा आणि लाल दिवा लावून बंद पडायचा. अण्णा म्हणायचे, ऊन लागतंय त्याला. एकापुढे एक जोडल्यावर आठ ओहम झाले. आवाज थोडा कमी, पण मशीन थंड.

खोक्याचं गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडलं, पुढं रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं. आमच्याकडे ते सुताराच्या पेन्सिलीनं प्लायवूडवर उतरलं: आतली जागा दोन घनफूट, आणि हवेला वाट म्हणून चार इंची, फूटभर लांब पाइप. असं खोकं तेहतीस हर्ट्झच्या आसपास घुमतं. पाइप विहिरीच्या पाइपलाइनचा उरलेला होता. पाणी नव्हतं, पाइप होता. आतून लावायला जुन्या गादीचा कापूस घेतला, आणि पहिल्याच गाण्याला कापसाचे पुंजके पाइपातून मायच्या चुलीपर्यंत उडाले. मग मायनंच लुगड्याच्या तुकड्यात शिवून तो बसवला. वीज असली की जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून बारा व्होल्ट यायचे. त्याची हिरवी वायर काळीला लावली की तो कॉम्प्युटरशिवाय सुरू होतो. वीज गेली की बॅटरी. वर पत्रे खडखडायचे, तेव्हा दगडं वाढवली.

गावातली पोरं त्याला 'डॉल्बी' म्हणायला लागली. आपल्याकडे वरातीपुढे भिंतीएवढे डबे लावून कानठळ्या बसवतात, त्यालाही डॉल्बीच म्हणतात. ज्याचं हे नाव, तो रे डॉल्बी १९६३ पासून दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता, आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यानं कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. गोंगाट घटवणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं. मला ते डबे आवडत नाहीत. खर्ज अंगावर घालायचा नसतो, अंगाखाली यायला पाहिजे, आजाच्या धुमेसारखा. खोकं झालं तेव्हा आजा नव्हता.

अण्णा या सगळ्यात आले नाहीत. खोलीत वूफर लागला की ते ओट्यावर जाऊन बसायचे. मी एकदा हाक मारली तर म्हणाले, "तुम्ही ऐका. मला गाडीची सवय."

२०१५ चा पावसाळाही कोरडाच चालला होता. श्रावणातल्या एका रात्री आम्ही सिनेमा लावला. कुठला ते आठवत नाही. त्यात वादळाचा प्रसंग आला आणि खोकं बोललं, लांबून गडगडत येऊन भुई हलवणारं. मी दारातून बाहेर पाहिलं. अण्णा ओट्यावरून उठून अंगणात उभे होते, मान वर करून.

"आभाळ वाजलं का रे?"

माझ्या तोंडून नाही निघेना. तोवर ते कडब्याच्या गंजीकडे गेलेही होते. मी आवाज बंद केला आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला बाहेर गेलो.