वनदुर्गाची पहिली भिंत : ‘आज्ञापत्र’ आणि वासोटा

मराठीच्या वर्गात ‘आज्ञापत्र’ शिकवले जाते ते बहुधा जुन्या गद्याचा नमुना म्हणून. वाक्याची ठेवण, संस्कृत-फारसी शब्दांची सरमिसळ, राजनीतीची थोडीशी चर्चा, आणि आपण पुढच्या ग्रंथाकडे वळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५च्या सुमाराच्या या ग्रंथातील दुर्गप्रकरण मात्र प्रत्यक्ष जमिनीवर पडताळून पाहता येते. त्यासाठी सातारा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील वासोट्याइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

सह्याद्रीची धार हीच येथे सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांची सीमा आहे. पूर्वेला कोयनेचे खोरे, पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे. वासोटा, जंगली जयगड, भैरवगड आणि दक्षिणेस चांदोलीच्या रानातील प्रचितगड हे किल्ले या धारेला धरून आहेत. कोकणातून वर येणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवणे हे त्यांचे काम. कौटिल्याने दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग असे चार प्रकार सांगितले आहेत. वासोटा पार्वत तर आहेच, पण त्याचे खरे बळ वनदुर्गाचे. शिवाजी महाराजांनी त्याला दिलेले ‘व्याघ्रगड’ हे नावही या रानाचेच आहे.

बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून मेट इंदवलीला उतरले की पायवाट झाडीत शिरते. या गावाच्या नावातला ‘मेट’ हा शब्द आज्ञापत्रातही भेटतो. मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यातील चौकीची जागा. तिथली माणसे गडाच्या वाटा राखीत. त्याच प्रकरणात घेऱ्यातली झाडी प्रयत्नपूर्वक वाढवावी, तीतली काठीसुद्धा तोडू देऊ नये, अशी ताकीद आहे. वेळप्रसंगी त्या झाडीत बंदूकधारी माणसे ठेवता यावीत, हा त्यामागचा हिशेब. हे ध्यानात घेतले की चढणीचा अर्थच बदलतो. भर दुपारीही अंधारलेल्या त्या वाटेने चालणारा माणूस किल्ल्याकडे जात नसतो. तो किल्ल्याच्या आत, त्याच्या पहिल्या तटात केव्हाच शिरलेला असतो. दगडी दरवाजा लागतो तो पुष्कळ नंतर.

या तटाची ताकद १८०६-०७ मध्ये दिसली. परशुराम श्रीनिवास पंतप्रतिनिधींचा बापू गोखल्यांकडून पाडाव झाल्यावर ताई तेलिणीने वासोट्याचा आश्रय घेतला आणि पेशव्यांच्या या नामांकित सेनानीपुढे तो सुमारे आठ महिने लढवला. शेवटी धान्याच्या कोठारांना आग लागली, तेव्हा तिला गड सोडावा लागला. म्हणजे वेढ्यापेक्षा उपासमारीचे भय भारी ठरले.

दहा-अकरा वर्षांनी चित्र पालटले. १८१८च्या युद्धात छत्रपती प्रतापसिंहांच्या कुटुंबातील मंडळी आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी वासोट्यावर अटकेत होते. जनरल प्रिट्झलरच्या सैन्याने रान भेदले आणि समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या. मारा सुरू झाल्यावर गड फार काळ टिकला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच तो पडला. आज गडाच्या टोकावर उभे राहिले की खोल दरीपलीकडे जुना वासोटा अगदी समोर दिसतो, आणि आज्ञापत्रातला आणखी एक नियम आठवतो : गडाजवळ दुसरा डोंगर असू नये; असल्यास सुरुंगाने फोडावा, तेही जमत नसेल तर तटबंदी करून तो आपल्या आवाक्यात घ्यावा. नियम ठाऊक असणे आणि तो पाळण्याइतकी राज्यव्यवस्था शाबूत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तर पेशवाईच्या ऱ्हासावर आपण पुष्कळ लिहिले-वाचले आहे. त्याचा एक दाखला या दरीच्या पलीकडे उभा आहे.

पुढे कोयना धरणाच्या पाण्याने खोऱ्यातली गावे बुडवली, माणसे सोलापूर, रायगड, ठाण्याकडे पांगली. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून हे रान जागतिक वारशात गेले. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांना तोच मान मिळाला. त्यांत सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे, वासोटा नाही. झाडी निसर्ग म्हणून नोंदली गेली आणि तट इतिहास म्हणून, पण दोन निरनिराळ्या याद्यांत.

आज्ञापत्राच्या कर्त्याला ही विभागणी कळली नसती. त्याच्या लेखी राखलेले रान ही माणसांची कामगिरी होती. ते वाढवणारे, राखणारे, त्यात पहारा करणारे लोक हा गडाचाच भाग होता. आज ते रान ‘मनुष्यस्पर्शरहित’ म्हणून मिरवले जाते, तेव्हा मेटकऱ्यांची ती सगळी पिढीजात चाकरी पुसली जाते. ती उरली आहे एका ग्रंथातल्या काही ओळींत आणि एका गावाच्या नावात. ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात आहे. तो शिकवताना ‘मेट’ या शब्दाला केवळ तळटीप न देता त्यावर घटकाभर थांबणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.