बासच्या पोटातली बॅटरी

बास गिटारचा इतिहास सांगणारे १९५१ सालच्या फेंडर ‘प्रिसिजन’पाशी रेंगाळतात. मला अधिक मोलाची वाटते ती पुढे वाद्याच्या पोटात शिरलेली नऊ व्होल्टची बॅटरी. प्रिसिजनच्या टोन-बटणाला एकच काम येई, वरचे स्वर कापण्याचे. पिकअपमधून निघणारा क्षीण सिग्नल लांब केबलीत आणखी बोथट होई. गेलेले भरून काढायचे ते अँप्लिफायरपाशी. प्रीअँप म्हणजे केबलीआधीच सिग्नलला बळ देणारे छोटे सर्किट. कॅलिफोर्नियात ‘अलेम्बिक’च्या रॉन विकरशॅम यांनी जॅक कॅसडी, फिल लेश यांच्या वाद्यांत ते आधीच बसवले होते, पण तो मोजक्यांचा मामला. १९७६ साली म्युझिक मॅनची ‘स्टिंगरे’ कारखान्यातूनच प्रीअँप घेऊन आली. तिच्या कर्त्यांत खुद्द लिओ फेंडर! १९६५मध्ये आपली कंपनी सीबीएसला विकलेल्या या माणसाने आपल्याच जुन्या वाद्याला दिलेले हे उत्तर, असे मी मानतो. आता खर्ज आणि वरचे स्वर वेगवेगळ्या बटणांनी, वाजवता वाजवता वाढवता येऊ लागले. ‘शीक’ या बँडचे बर्नार्ड एडवर्ड्स हीच बास वाजवीत. त्यांच्या बोटांचे श्रेय मी बॅटरीला देणार नाही. पण डिस्कोच्या गजबजाटातही त्यांचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो, त्यात तिचा वाटा आहेच. ती संपली, की मात्र स्टिंगरे मुकी होते. प्रिसिजन वाजत राहते.